म्हातारपणी डोळ्यातून सतत पाणी आणि पू : ‘लासरू’ व त्यावरील शस्त्रक्रिया

गावात नेत्रतपासणी शिबिर भरले की एक गोष्ट हमखास घडते. मोतीबिंदू पिकलेला असतो, नजर पार मंद झालेली असते, घरची मंडळी कपड्यांची पिशवी भरून तयार असतात. डॉक्टर मात्र डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट दाबून पाहतात आणि म्हणतात, ‘‘आजी, तुमचे ऑपरेशन आता होणार नाही. आधी या पिशवीचा इलाज करावा लागेल.’’ आजी हिरमुसून परत येतात. शेजारचीचे ऑपरेशन झाले, आपलेच का नाही, हा प्रश्न मनात राहतो. कोणी सांगते डॉक्टरने टाळले, कोणी सांगते वय जास्त झाले. खरे कारण वेगळेच असते. ते कारण सौंदड आणि आसपासच्या गावांतील वाचकांनी नीट समजून घ्यावे, म्हणून आजचा हा लेख.

या आजाराला मराठीत ‘लासरू’ म्हणतात. काही जण ‘नासूर’ही म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत त्याचे नाव ‘क्रॉनिक डॅक्रिओसिस्टायटिस’, म्हणजे अश्रुपिशवीचा जुनाट जंतुसंसर्ग. आजार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या सांध्यांचे नऊ रोग सांगितले आहेत. त्यांतील ‘पूयालस’ या रोगात डोळ्याच्या कोपऱ्याला सूज येऊन ती पिकते व दाट पू वाहतो. आजच्या लासरूशी त्याचे वर्णन बरेच जुळते.

अश्रू जातात कोठे?

आपल्या डोळ्यात दिवसभर थोडे थोडे पाणी तयार होत असते. डोळ्याच्या वरच्या बाहेरील बाजूला अश्रुग्रंथी असते. तिचे पाणी बुबुळ ओले व स्वच्छ ठेवते. काही पाणी वाऱ्याने उडून जाते. उरलेले पाणी नाकाकडच्या कोपऱ्यात येते. तेथे वरच्या व खालच्या पापणीच्या कडेवर सुईच्या अग्राएवढे एकेक छिद्र असते. या छिद्रांतून पाणी सुमारे १० मिलिमीटर लांबीच्या बारीक नळ्यांत शिरते व पुढे अश्रुपिशवीत जमा होते. ही पिशवी डोळा आणि नाक यांच्या मधल्या हाडाच्या खोलगट जागेत बसलेली असते. पिशवीच्या खालून एक नळी हाडातून नाकात उतरते. रडू आले की नाकही का गळते आणि डोळ्यात टाकलेल्या औषधाची कडू चव घशात का लागते, याचे उत्तर या नळीत आहे.

बांधीचे पाणी काढण्यासाठी आपण पाट ठेवतो. तो पाट गाळाने बुजला की बांधी तुंबते, पाणी साचून कुजते आणि शेवटी बांधावरून वाहू लागते. डोळ्याचेही तसेच होते. नाकात उतरणारी नळी बंद झाली की पाणी पिशवीत साचते. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, पू तयार होतो आणि तो उलट्या वाटेने डोळ्यात येतो.

म्हातारपणीच का?

हा आजार साधारणपणे चाळिशीनंतर दिसू लागतो आणि वय वाढेल तसा वाढतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो बराच जास्त आढळतो. स्त्रियांमध्ये हाडातील नळीची वाट मुळातच अरुंद असते, हे त्याचे एक कारण मानतात. वारंवार सूज आल्याने नळीचे आतील अस्तर जाड होते, दोन्ही बाजू चिकटतात आणि वाट कायमची बंद होते. नाकाचे जुने आजार, वाकडे हाड, नाकातील गाठी, चेहऱ्याला झालेली मोठी इजा यांमुळेही असे होऊ शकते.

तान्ह्या बाळाच्या डोळ्यातून पाणी येते तेव्हा डॉक्टर पिशवीवर बोटाने मालीश करायला सांगतात आणि बहुतेक बाळे त्याने बरी होतात. बाळाच्या नळीच्या तोंडाशी फक्त एक पातळ पडदा राहिलेला असतो, तो मालिशीने फाटतो. म्हाताऱ्या माणसाची नळी आतून बुजून घट्ट झालेली असते. ‘‘नातवाचे मालिशीने थांबले, माझेही थांबेल’’ हे म्हणूनच खरे नाही.

लक्षणे कशी ओळखावीत?

१) एका डोळ्यातून (क्वचित दोन्ही) महिनोन्‌महिने पाणी येणे, वाऱ्यात ते वाढणे.
२) सकाळी पापण्या चिकटणे, कोपऱ्यात चिपड साचणे.
३) डोळा व नाक यांच्या मधल्या जागी फुगवटा येणे.
४) त्या जागी स्वच्छ बोटाने हळूच दाबल्यास डोळ्याच्या कोपऱ्यातून पू किंवा चिकट पाणी वर येणे. ही या आजाराची सर्वात मोठी खूण होय.

फुगवटा लाल, गरम व दुखरा असेल तर मात्र दाबू नये. तो तीव्र संसर्ग असतो. तेव्हा पोटातून घ्यायची प्रतिजैविके लागतात, कधी पू काढावा लागतो. तसाच ठेवला तर गळू बाहेर फुटते आणि गालावर कायमचे वाहते छिद्र पडते. क्वचित संसर्ग डोळ्याच्या खोबणीत शिरतो. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

डोळ्यातून पाणी येणारा प्रत्येक माणूस लासरूचा रुग्ण नसतो, हेही लक्षात ठेवावे. पापणी बाहेर वळणे, पापणीचे केस बुबुळाला टोचणे, डोळ्यावर वेल वाढणे, इतकेच काय, डोळा कोरडा पडणे यामुळेही पाणी येते. म्हणून डॉक्टर ‘सिरिंजिंग’ करतात. डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकून छिद्रातून बोथट सुईने मीठपाणी सोडतात. पाणी घशात उतरले तर वाट मोकळी. उलटून डोळ्यात आले तर वाट बंद. पाण्याबरोबर पू आला तर निदान पक्के. पाच मिनिटांची ही तपासणी फारशी दुखत नाही.

मोतीबिंदूच्या आधी हाच इलाज का?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळा उघडून आत कृत्रिम भिंग बसवतात. शेजारी पुवाने भरलेली पिशवी असेल तर तिच्यातील जंतू डोळ्याच्या आत जाऊ शकतात. डोळ्याच्या आत पू झाला तर एक-दोन दिवसांत नजर कायमची जाऊ शकते. डॉक्टर आजीला परत पाठवतात ते तिची उरलेली नजर वाचवण्यासाठी. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम देशात १९७६ साली सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प सात राज्यांत राबवला गेला, त्यात महाराष्ट्र होता. तेव्हापासून गावोगावचे लाखो लोक शस्त्रक्रियेसाठी पुढे आले. त्या गर्दीत पिशवीची तपासणी हे सुरक्षिततेचे पहिले दार ठरले. शिबिरात कोणी कोपऱ्यावर बोट दाबून पाहिले नाही, तर ‘‘डॉक्टर, माझी पिशवी तपासा’’ असे आपणच म्हणावे.

धानाच्या हंगामातील धोका

आपला जिल्हा धानाचा. कापणी आणि मळणीच्या दिवसांत धानाचे कुसळ, तूस किंवा पानाची धार डोळ्याला लागणे ही रोजची गोष्ट आहे. निरोगी डोळ्यातील असा ओरखडा बहुधा एक-दोन दिवसांत भरून येतो. ज्याच्या पिशवीत पू आहे त्याच्या ओरखड्याला जंतू आयतेच मिळतात. काळ्या बुबुळावर जखम चिघळते, आत पुवाचा थर साचतो, पुढे फूल पडते किंवा बुबुळ फुटते. पिशवीत आढळणारा न्यूमोकॉकस हा जंतू बुबुळाच्या अशा जखमांसाठी कुप्रसिद्ध आहे. नुसते पाणी येते म्हणून दहा वर्षे दुर्लक्षित राहिलेला डोळा अशा एका ओरखड्याने आठवड्यात जाऊ शकतो.

म्हणून लासरू असलेल्या शेतकऱ्याने व मजुराने हंगामाची वाट न पाहता आधीच इलाज करून घ्यावा. मळणीच्या वेळी साधा चष्मा लावावा. कचरा गेला तर डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा. दुसऱ्या दिवशीही दुखत असेल, उजेड सहन होत नसेल तर डॉक्टरकडे जावे. दुकानातून स्टेरॉइड असलेले थेंब आणून मुळीच टाकू नयेत. जखमेत बुरशी असेल तर त्या थेंबांनी आगीत तेल ओतल्यासारखे होते.

थेंबांनी बरे का होत नाही?

थेंबांनी पू काही दिवस कमी होतो. बुजलेली वाट त्यांनी उघडत नाही. थेंब बंद केले की पू पुन्हा येतो. बुजलेला पाट मोकळा केल्याशिवाय कितीही औषध फवारले तरी बांधीतले पाणी सडणारच. म्हणून जुनाट लासरूचा खरा इलाज शस्त्रक्रियाच आहे. तिचे दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार : नाकात नवीन वाट (डी.सी.आर.)

यात पिशवी तशीच ठेवतात आणि तिच्यासाठी नाकात नवे दार पाडतात. इटलीतील डॉक्टर अड्डेओ टोटी यांनी १९०४ साली ही शस्त्रक्रिया मांडली. पुढे १९२१ साली फ्रान्समधील दुप्युई-दुताँ व बुर्गे यांनी पिशवीचे अस्तर नाकाच्या अस्तराला टाक्यांनी जोडण्याची पद्धत दिली. आजही मूळ तत्त्व तेच आहे.

नाकाच्या बाजूला साधारण एक-दीड सेंटिमीटरचा छेद घेतात. पिशवी व नाक यांच्यामधील हाडाचा लहान तुकडा काढून खिडकी करतात. पिशवीचे व नाकाचे अस्तर उघडून एकमेकांना शिवतात. अश्रू मग बुजलेल्या नळीला वळसा घालून सरळ नाकात उतरतात. शस्त्रक्रियेला सुमारे एक तास लागतो. मोठ्या माणसात ती जागा बधिर करून करता येते, पूर्ण भूल द्यावीच लागते असे नाही. दहापैकी नऊ किंवा अधिक रुग्णांना गुण येतो. पू जातो आणि पाणीही थांबते.

१९८९ सालापासून हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीने नाकाच्या आतून करण्याची पद्धत रुळली. तिच्यात बाहेर व्रण राहत नाही आणि नाकाचे वाकडे हाड त्याच वेळी सुधारता येते. अनुभवी हातांत तिचे यश बाहेरून केलेल्या शस्त्रक्रियेच्या जवळपास येते. त्यासाठी यंत्रसामग्री व सराव हवा, म्हणून ती सर्वत्र मिळत नाही. वयस्क माणसाच्या सुरकुतलेल्या त्वचेत बाहेरचा व्रणही काही महिन्यांत फारसा दिसत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

दुसरा प्रकार : पिशवी काढून टाकणे (डी.सी.टी.)

यात पुवाचे घर असलेली पिशवीच पूर्ण काढतात. ही पद्धत अठराव्या शतकापासून ज्ञात आहे. हाड कापावे लागत नाही, त्यामुळे रक्तस्राव कमी होतो. काम साधारण अर्ध्या तासात, जागा बधिर करून होते. पू कायमचा जातो व मोतीबिंदूचा मार्ग लवकर मोकळा होतो. मात्र पिशवीचा एखादा भाग आत राहिला तर पू परत येतो, म्हणून ती समूळ निघावी लागते.

या शस्त्रक्रियेची मर्यादा रुग्णाला आधीच सांगितली पाहिजे. अश्रूंची वाट कायमची बंद झाल्याने डोळ्यातून पाणी येत राहते. एकदा पिशवी काढली की पुढे डी.सी.आर. करता येत नाही. उतारवयात अश्रू मुळातच कमी तयार होतात, त्यामुळे पुष्कळ वृद्धांना हे पाणी जाणवत नाही किंवा वाऱ्यात तेवढे जाणवते. तरीही निर्णय समजून-उमजून व्हावा.

कोणाला कोणती?

‘‘म्हातारे आहेत, काढून टाका पिशवी’’ असे घरचे लोक पटकन म्हणतात. नुसते वय पाहून असे ठरवणे बरोबर नाही. सत्तरीची एखादी बाई अजून बांधीत उतरते, रोवणी करते, तिला आणखी वर्षे काम करायचे आहे. तिचे रक्तदाब, हृदय ठीक असेल तर तिला पाणीही थांबवणारी डी.सी.आर.च योग्य. उलट साठीचाच माणूस हृदयविकाराने खचला असेल, तर त्याच्यासाठी लहान शस्त्रक्रिया शहाणपणाची.

पिशवी काढण्याचा विचार साधारणपणे पुढील परिस्थितीत होतो :

• प्रकृती अतिशय क्षीण आहे, लांब शस्त्रक्रिया किंवा रक्तस्राव झेपणार नाही.
• डोळा फार कोरडा आहे. अशा डोळ्याला उरलेले पाणी उपयोगीच पडते.
• नाकाचे अस्तर सुकून दुर्गंधी येणारा जुना आजार आहे, त्यामुळे नवे दार टिकणार नाही.
• बुबुळावर जखम आहे आणि पुवाचा उगम ताबडतोब बंद करायचा आहे.
• पिशवीत गाठ असल्याचा संशय आहे. फुगवटा कठीण असेल, कोपऱ्यातील पट्ट्याच्या वरपर्यंत गेला असेल किंवा रक्त येत असेल तर कर्करोगाची शंका घेऊन तपासावे लागते.

तलावांच्या या भागात आणखी एका आजाराची आठवण ठेवावी. मालगुजारी तलाव व बोड्यांतील साचलेल्या पाण्यात आंघोळ करणाऱ्यांना ‘ऱ्हायनोस्पोरिडिओसिस’ नावाचा आजार होऊ शकतो. छत्तीसगड आणि त्याला लागून असलेल्या पूर्व विदर्भात तो आढळतो. नाकात, कधी डोळ्यात किंवा अश्रुपिशवीत लालसर, सहज रक्त येणारी वाढ होते. तिच्यावर पांढुरके ठिपके असतात. पिशवीत हा आजार असेल तर नाकात वाट जोडणे टाळतात आणि पिशवी समूळ काढतात, नाहीतर तो पसरू शकतो. नाकातून वरचेवर रक्त येत असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शस्त्रक्रियेपूर्वी

रक्तदाब व साखर तपासून आटोक्यात आणावी. नाकाची तपासणी करून घ्यावी. हृदयरोगासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याची चिठ्ठी सोबत न्यावी. या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. काही रुग्णांत त्या थांबवणे रक्तस्रावापेक्षा जास्त धोक्याचे असते. तंबाखू व खर्रा त्या दिवसांत तरी सोडावा.

शस्त्रक्रियेनंतर (डी.सी.आर.)

१) नाकात ठेवलेली पट्टी बहुधा दुसऱ्या दिवशी काढतात. तोपर्यंत तोंडाने श्वास घ्यावा लागतो, घाबरू नये.
२) पहिला दिवस उशी उंच ठेवून झोपावे. गरम चहा, गरम जेवण टाळावे.
३) आठ-दहा दिवस नाक जोरात शिंकरू नये. शिंक आल्यास तोंड उघडे ठेवावे.
४) थोडे रक्तमिश्रित पाणी येणे साहजिक आहे. रक्त वाहतच राहिले तर लगेच रुग्णालयात जावे.
५) टाके साधारण आठवड्याने काढतात. त्यानंतरच्या सिरिंजिंग तपासणीला चुकू नये. वाटेत बारीक सिलिकॉनची नळी ठेवली असेल तर ती ठरलेल्या तारखेला काढून घ्यावी.
६) दोन-तीन आठवडे वाकून जड काम, ओझे उचलणे, तलावात डुंबणे नको.

काही नेहमीचे प्रश्न

*मोतीबिंदू कधी करता येईल?* पिशवी काढल्यावर लवकर, नवी वाट केल्यावर जखम भरून ती मोकळी असल्याची खात्री झाल्यावर. बहुधा काही आठवडे थांबावे लागते. पू पूर्ण गेला आहे, हे तपासूनच तारीख ठरते.

*या शस्त्रक्रियेने नजर वाढेल का?* नाही. ही शस्त्रक्रिया नजर वाढवत नाही, ती नजर राखते.

*डोळ्यात मध, पाल्याचा रस, अंगावरचे दूध टाकले तर?* यांपैकी कशानेही बुजलेली वाट उघडत नाही. उलट नवे जंतू मात्र जातात.

*खर्च परवडेल का?* शासकीय रुग्णालयात आधी चौकशी करावी. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला रेशनकार्ड व आधारकार्ड दाखवून विचारावे.

*जायचे कोठे?* आधी आपल्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात नेत्रतपासणी करून चिठ्ठी घ्यावी. सौंदडहून रेल्वेने थेट गोंदियाला जाता येते. तेथे २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. महामार्गाने नागपूर गाठता येते. तेथे जुनी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि २०१८ पासून एम्स आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालयही विदर्भातील रुग्णांना परिचित आहे. निघण्यापूर्वी नेत्रविभागाचा दिवस विचारून घ्यावा, म्हणजे हेलपाटा पडणार नाही.

घरच्यांना एक विनंती

म्हातारी माणसे स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलत नाहीत. पदराने डोळा पुसायचा आणि कामाला लागायचे, ही त्यांची सवय असते. आपणही ‘‘वय झाले, डोळे गळणारच’’ म्हणून सोडून देतो. पाणी एकाच डोळ्यातून येते का, पापण्या सकाळी चिकटतात का, कोपरा फुगला आहे का, एवढे तीन प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. उत्तर ‘हो’ आले तर कापणी सुरू होण्यापूर्वी एक दिवस काढून त्यांना डॉक्टरकडे न्या. पिशवी काढायची की वाट जोडायची, हे डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा आणि त्यांचेही मत ऐका. डोळा त्यांचा आहे.